नजरेसानी आणि पुनर्विलोकन : एक शब्द, दोन दरवाजे

१२ डिसेंबर २०१९ हा दिवस भारतीय मुसलमानांच्या लक्षात राहिला तो दोन बातम्यांमुळे. अयोध्या निकालाविरुद्ध दाखल झालेल्या सगळ्या फेरविचार याचिका त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने फेटाळल्या. त्याच दिवशी नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर राष्ट्रपतींची सही होऊन त्याचा कायदा झाला आणि त्या कायद्याला आव्हान देणारी इंडियन युनियन मुस्लिम लीगची याचिकाही त्याच दिवशी त्याच कोर्टात पोहोचली. एका दरवाजातून लोक रिकाम्या हाताने बाहेर पडत होते आणि त्याच इमारतीच्या दुसऱ्या दरवाजावर नवी थाप पडत होती.

त्यानंतर कित्येक दिवस चौकात, मशिदीबाहेर, व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न फिरत होता. ज्या कोर्टाने पुन्हा बघायलाच नकार दिला, तिथे पुन्हा जायचे कशाला? प्रश्नातली वेदना खरी होती, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. अयोध्येच्या याचिकेत कोर्टाला सांगितले जात होते, ‘तुम्ही दिलेला निकाल पुन्हा तपासा.’ नागरिकत्वाच्या याचिकेत सांगितले जात होते, ‘सरकारने केलेला कायदा तपासा.’ पहिल्यात कोर्टाने स्वतःकडे पाहायचे असते, दुसऱ्यात सत्तेकडे. दोन्हींची पद्धत निराळी, निकष निराळे आणि यश मिळण्याची शक्यताही निराळी.

या गल्लतीला आपली भाषा थोडी जबाबदार आहे. मराठी कायदेभाषेत दोन्हींसाठी एकच शब्द वापरला जातो : पुनर्विलोकन.

शब्द कुठून आला

कोर्टकचेरीची मराठी फार्सी-अरबीवर पोसलेली आहे. वकील, फिर्याद, दावा, जामीन, अर्ज, तारीख, अदालत, हुकूम, कैद, दाखला हे शब्द गावातल्या शेतकऱ्यालाही समजावून सांगावे लागत नाहीत. बांधावरून भांडण झाले की तो दावा लावतो, वकील करतो आणि तारखा मोजतो. स्वातंत्र्यानंतर राज्यकारभार मराठीतून करायचे ठरले तेव्हा मात्र नव्या पारिभाषिक शब्दांसाठी संस्कृतचा आधार घेतला गेला. त्यातून न्यायनिर्णय, अधिनियम, पुनरीक्षण, पुनर्विलोकन असे शब्द घडले. ते अर्थाने नेमके आहेत, पण लोकांच्या तोंडी बसले नाहीत. म्हणून वर्तमानपत्रांनी आपली वाट काढली आणि ‘फेरविचार याचिका’, ‘पुनर्विचार याचिका’ हे शब्द रुळवले.

उर्दूत यासाठी एक सुंदर शब्द आहे : नजरेसानी. नजर म्हणजे पाहणे आणि सानी म्हणजे दुसरा. थोडक्यात, दुसऱ्यांदा टाकलेली नजर. पुनः आणि विलोकन यांची फोड केली तर नेमका हाच अर्थ निघतो. दोन वेगळ्या भाषाकुळांतले हे शब्द सख्ख्या भावांसारखे आहेत. मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. त्यामुळे जुनी कागदपत्रे हाताळलेल्या घरांत ही शब्दावली अनोळखी नाही. उर्दू कायदेभाषेत अपिलाला मुराफा, वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टावर ठेवलेल्या देखरेखीला निगरानी आणि त्याच कोर्टाने आपला निकाल पुन्हा पाहण्याला नजरेसानी म्हणतात. निगरानी म्हणजेच मराठीतले पुनरीक्षण.

हे तीन शब्द नीट वेगळे ठेवले तर बराच गुंता सुटतो. अपिलात वरचे कोर्ट खटल्याची वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही तपासू शकते. पुनरीक्षणात वरचे कोर्ट खालच्या आदेशात काही बेकायदा, चुकीचे किंवा अनुचित घडले आहे का एवढेच बघते. पुनर्विलोकनात वरचे कोर्ट नसतेच. निकाल देणारे कोर्ट स्वतःच आपला कागद पुन्हा उघडते. या तिन्हींपेक्षा संपूर्ण वेगळी चौथी गोष्ट म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकन. संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला कायदा आणि सरकारने केलेली कृती राज्यघटनेत बसते का, हे तपासण्याचा अधिकार.

एकच प्रकरण, तीन मार्ग

या शब्दांतला फरक समजून घ्यायला शाहबानो प्रकरणासारखे दुसरे उदाहरण नाही. या प्रकरणावर आपल्याकडे चाळीस वर्षे वाद चालू आहे, पण त्यातला कायद्याचा प्रवास क्वचितच कुणी सांगतो.

ऑगस्ट १९७९मध्ये इंदूरच्या मॅजिस्ट्रेटने शाहबानो यांना दरमहा २५ रुपये पोटगी मंजूर केली. त्या काळातही ही रक्कम नगण्यच होती. शाहबानो यांनी मध्य प्रदेश हायकोर्टात पुनरीक्षण अर्ज केला, म्हणजे उर्दूतली निगरानी. हायकोर्टाने १९८०मध्ये पोटगी १७९ रुपये २० पैशांवर नेली. त्याविरुद्ध त्यांचे पती सुप्रीम कोर्टात गेले, ते झाले अपील. २३ एप्रिल १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फेटाळले. इथवर कोणताही कायदा घटनाबाह्य ठरलेला नव्हता, शरियतचे ‘पुनर्विलोकन’ही झालेले नव्हते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ मुस्लिम घटस्फोटितेलाही लागू होते का, एवढाच प्रश्न होता. निकालपत्रातल्या काही टिप्पण्यांनी समाज दुखावला हे खरे. पण रस्त्यावर जे सांगितले गेले आणि कोर्टात जे घडले, त्यात मोठे अंतर होते.

न्यायालयीन पुनर्विलोकनाचा खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. १९८६मध्ये संसदेने मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा केला. शाहबानो यांचे वकील दानियल लतिफी यांनी त्यालाच आव्हान दिले. २८ सप्टेंबर २००१ रोजी कोर्टाने तो कायदा रद्द केला नाही, पण त्याचा अर्थ असा लावला की पतीने इद्दतच्या काळात पत्नीच्या पुढच्या आयुष्याची वाजवी आणि न्याय्य तरतूद केली पाहिजे. ‘इद्दतपुरती’ तरतूद नव्हे, ‘इद्दतच्या आत’ केलेली तरतूद. कायदा टिकला आणि बाईच्या हातात काहीतरी पडले. जी गोष्ट हिरावून घेतली असे १९८६मध्ये वाटत होते, ती पंधरा वर्षांनी दुसऱ्या दरवाजातून बऱ्याच अंशी परत आली. हा दरवाजा न्यायालयीन पुनर्विलोकनाचा होता.

जुन्या परंपरेतला विचार

निकाल पुन्हा पाहावा की नाही, हा पेच केवळ आधुनिक कोर्टांचा नाही. इस्लामी न्यायपरंपरेत तो फार आधीपासून चर्चेत होता.

दुसरे खलिफा हजरत उमर यांनी अबू मूसा अल-अशअरी यांना लिहिलेले म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे. काझीने कसे वागावे, याचा तो जणू जाहीरनामाच मानला जातो. त्यातल्या एका सल्ल्याचा आशय असा : काल दिलेला निकाल आज विचार केल्यावर चुकीचा वाटला, तर सत्याकडे परत फिरायला तो कालचा निकाल आड येऊ देऊ नये. नजरेसानीचे तत्त्वज्ञान याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

पण त्याच परंपरेत दुसरी बाजूही आहे. वारसाहक्काच्या एका गुंतागुंतीच्या प्रकरणात हजरत उमर यांनी एका वर्षी एक निकाल दिला. पुढे तसेच प्रकरण आले तेव्हा निराळा दिला. लोकांनी विचारले तेव्हा त्यांचे उत्तर असे होते की तो निकाल तेव्हाच्या निर्णयाप्रमाणे, हा आजच्या निर्णयाप्रमाणे. म्हणजे समज बदलली, पण आधीच्या कुटुंबाची वाटणी उकरून काढली नाही. यातूनच पुढे फिकहचे सूत्र झाले की एका इज्तिहादने दुसरा इज्तिहाद मोडत नाही. ऑटोमन साम्राज्यात एकोणिसाव्या शतकात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या संहितेत ते सोळावे कलम म्हणून नोंदवले गेले.

या दोन्ही गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण तशा नाहीत. चूक उघड असेल तर परत फिरा. फक्त मत बदलले असेल तर जुना निकाल राहू द्या आणि पुढच्या प्रकरणात नवे मत लावा. कारण निकाल रोजच बदलू लागले तर कुणाचे घर, कुणाची जमीन, कुणाचा निकाह सुरक्षित राहणार नाही. सत्य आणि स्थैर्य यांच्यातला हा ताण प्रत्येक न्यायव्यवस्थेत असतो. आपल्या सुप्रीम कोर्टाचे नियमही याच ताणातून घडले आहेत.

याखेरीज काझीच्या कोर्टाहून वेगळी ‘मजालिम’ची बैठक असे. तिथे सुलतान किंवा त्याचा प्रतिनिधी अधिकाऱ्यांच्या जुलमाविरुद्धच्या तक्रारी ऐके. सत्तेच्या कारभारावर नजर ठेवण्याची गरज तेव्हाही मान्य होती, फरक इतकाच की ती नजर सत्ताधीशाचीच असे. आधुनिक न्यायालयीन पुनर्विलोकनाने ती नजर सत्तेच्या हातातून काढून स्वतंत्र न्यायाधीशाकडे सोपवली.

सत्तेवरची नजर

कायदेमंडळाने केलेला कायदा कोर्ट रद्द करू शकते, हे तत्त्व अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८०३मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात प्रस्थापित केले. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांचा युक्तिवाद साधा होता. राज्यघटना सर्वोच्च असेल तर तिच्या विरोधातला कायदा हा कायदाच नव्हे, आणि कायदा काय आहे हे सांगणे हे न्यायालयाचे काम आहे.

ब्रिटिश भारतात मूलभूत हक्कच नव्हते, त्यामुळे कोर्टाचे हात बांधलेले होते. तरीही एक प्रसंग आठवण्यासारखा आहे. ‘छोडो भारत’च्या काळात डिफेन्स ऑफ इंडिया नियमांतल्या नियम २६खाली हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात होते. मुंबईच्या केशव तळपदे यांचे प्रकरण फेडरल कोर्टात गेले. एप्रिल १९४३मध्ये सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या पीठाने नियम २६ बेकायदा ठरवला. मूळ कायद्याने सरकारला जेवढा अधिकार दिला होता, त्याहून जास्त अधिकार सरकारने नियमातून घेतला, हे त्याचे कारण. या पीठावर सर मुहंमद जफरुल्ला खान हेही होते. पण व्हाइसरॉयच्या सरकारने लगेच वटहुकूम काढून कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त केला आणि निकालाची धार गेली. कोर्टाने नजर टाकली, सत्तेने डोळ्यांपुढचा कागदच बदलला.

हा अनुभव घटनाकारांच्या समोर होता. म्हणूनच अनुच्छेद १३मध्ये स्पष्ट लिहिले गेले की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्या मर्यादेत शून्यवत असेल. अनुच्छेद ३२ने नागरिकाला थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचा हक्क दिला आणि २२६ने हायकोर्टात जाण्याचा मार्ग दिला. अनुच्छेद ३२ हा संविधानाचा आत्मा आहे असे डॉ. आंबेडकर घटना समितीत म्हणाले, ते याच अर्थाने. गंमत अशी की ‘न्यायालयीन पुनर्विलोकन’ हा शब्दप्रयोग घटनेच्या मजकुरात कुठेच नाही. अधिकार आहे, नाव नाही. ‘पुनर्विलोकन’ हे नाव आहे ते अनुच्छेद १३७मध्ये, आणि तिथे त्याचा अर्थ नजरेसानी असा आहे. गोंधळाचे मूळ इथे आहे.

नव्या अधिकाराच्या मर्यादेचा मुसलमानांशी थेट संबंध असलेला निकाल मुंबईत लागला. मुंबई राज्याने १९४६मध्ये हिंदूंच्या बहुपत्नीत्वाला बंदी घालणारा कायदा केला होता. ही बंदी फक्त हिंदूंवरच का, मुसलमानांवर का नाही, असा आक्षेप घेतला गेला. १९५१च्या नरसू आप्पा माळी खटल्यात सरन्यायाधीश एम. सी. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी हा कायदा वैध ठरवला. राज्य सुधारणा टप्प्याटप्प्याने करू शकते, असे कोर्ट म्हणाले. पण त्याच वेळी एक मोठी रेघही ओढली : व्यक्तिगत कायदे हे अनुच्छेद १३मधल्या ‘कायदा’ या शब्दात येत नाहीत, म्हणून त्यांना मूलभूत हक्कांची कसोटी लावता येत नाही.

ही रेघ छागलांसारख्या मुस्लिम घरातल्या आणि सुधारणावादी न्यायाधीशाच्या पीठाने ओढली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २२ ऑगस्ट २०१७च्या शायराबानो निकालात तिला वळसा घातला गेला. एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला. पण त्या तिघांची वाट एक नव्हती. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी १९३७च्या शरियत कायद्याचा तेवढा भाग मनमानी म्हणून घटनाबाह्य ठरवला, तर न्या. कुरियन जोसेफ यांनी कुरआनाच्याच आधारे तो तलाक अमान्य ठरवला. पुढच्याच वर्षी शबरीमला निकालात न्या. चंद्रचूड यांनी नरसू आप्पा निकालाच्या तर्कावर उघड टीका केली. सत्तर वर्षांपूर्वीची ती रेघ आता फिकट होत चालली आहे. ती कुणाला संरक्षण वाटते, कुणाला अडथळा. पण वाद घालायचा तर तो या रेघेबद्दल आहे, हे माहीत असायला हवे.

नजरेवरच नजर : नोव्हेंबर १९७५

दोन्ही पुनर्विलोकने एकमेकांसमोर उभी ठाकली असा एक प्रसंग आपल्या इतिहासात आहे. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी निर्णय दिला की संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. म्हणजे घटनादुरुस्तीही न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या कक्षेत आली.

आणीबाणी आली आणि नोव्हेंबर १९७५मध्ये सरन्यायाधीश ए. एन. रे यांनी याच निकालाचा फेरविचार करण्यासाठी तेरा न्यायमूर्ती बसवले. मुंबईचे नानी पालखीवाला उभे राहिले आणि त्यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. हा निकाल पुन्हा तपासण्याची गरज कशासाठी आणि कोणाच्या मागणीवरून? पुनर्विलोकनाची रीतसर याचिका कोणी केलेलीच नव्हती. दोन दिवस सुनावणी झाली आणि १२ नोव्हेंबरला सरन्यायाधीशांनी पीठच बरखास्त केले. न्यायालयाच्या नजरेसानीचा मार्ग वापरून न्यायालयीन पुनर्विलोकनाचा अधिकार संपवण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो फसला.

त्यानंतर १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने घटनादुरुस्त्यांना कोर्टात आव्हान देण्यावरच बंदी घातली. १९८०च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने ती बंदी उडवली. मधल्या काळातला कलंक मात्र राहिला. २८ एप्रिल १९७६च्या जबलपूर खटल्यात कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की आणीबाणीत तुरुंगात टाकलेल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टाचे दार ठोठावताच येणार नाही. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना उभे राहिले. तो निकाल २०१७मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात रद्दबातल ठरवला गेला. एकेचाळीस वर्षांनी. पण ज्यांनी तुरुंगात महिने काढले, त्यांचे दिवस परत आले नाहीत. हजरत उमर यांच्या दोन निकालांची गोष्ट इथे वेगळ्या, कडू रूपात आठवते.

स्वतःवरची नजर

आता पहिल्या दरवाजाकडे परत येऊ. अनुच्छेद १३७खालची नजरेसानी मुद्दामच अरुंद ठेवलेली आहे. दिवाणी प्रकरणांत तिची कारणे तीन : योग्य ती खटपट करूनही आधी हाती न लागलेला महत्त्वाचा पुरावा, अभिलेखावर उघड दिसणारी चूक, किंवा तशाच स्वरूपाचे अन्य पुरेसे कारण. ‘निकाल मला पटला नाही’ हे कारण नव्हे. याचिका तीस दिवसांत करावी लागते आणि शक्यतो त्याच न्यायमूर्तींपुढे जाते. १९७८पासून ती खुल्या कोर्टात ऐकली जात नाही. न्यायमूर्ती दालनात कागद फिरवून निर्णय घेतात. अयोध्येच्या याचिका अशाच फेटाळल्या गेल्या. त्यात मुस्लिम पक्षकारांच्या याचिका होत्या, तशी पाच एकर जागा देण्याविरुद्ध हिंदू महासभेचीही होती. त्याच नियमाने सगळ्याच गेल्या.

म्हणून नजरेसानी फेटाळली जाणे ही या देशातली अपवादात्मक घटना नाही, तोच नेम आहे. निकालावर टीका करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण याचिका फेटाळली म्हणजे ‘आमच्यासाठी कोर्ट बंद झाले’ असा अर्थ काढणे चुकीचे.

मग या अरुंद दरवाजाचा उपयोग काय? त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात आहे.

जून २००३मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला आणि बलात्कारही झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपींची अपिले फेटाळली, सरकारचे अपील मान्य केले आणि सहाही जणांना फाशी कायम केली. त्यांची नजरेसानीही दालनातच फेटाळली गेली. सगळे संपले होते.

इथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. लाल किल्ल्यावरच्या २०००च्या हल्ल्यात फाशी झालेल्या मोहंमद आरिफ या पाकिस्तानी नागरिकाने आणि फाशीच्या इतर काही कैद्यांनी मागणी केली होती की मृत्युदंडाच्या प्रकरणात तरी नजरेसानी खुल्या कोर्टात ऐकावी. २ सप्टेंबर २०१४ रोजी घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी ती मान्य केली. न्या. नरिमन यांचा मुद्दा असा होता की फाशी दिल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही, आणि एकाच पुराव्यावर दोन न्यायाधीशांची मते वेगळी होऊ शकतात. म्हणून अर्ध्या तासाची का होईना, तोंडी सुनावणी मिळालीच पाहिजे. ज्यांची नजरेसानी आधीच फेटाळली गेली होती पण फाशी अजून झाली नव्हती, त्यांनाही पुन्हा अर्ज करण्याची संधी दिली गेली.

त्या फटीतून नाशिकच्या खटल्यातले सहा जण परत कोर्टात आले. २००९चा निकाल मागे घेऊन अपिले पुन्हा ऐकली गेली. तेव्हा दिसले की हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही दरम्यान स्पष्ट झाले होते. ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. अब्दुल नजीर आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. सोळा वर्षांच्या बदल्यात पाच लाख.

आरिफची स्वतःची याचिका खुल्या कोर्टात ऐकली गेली आणि नोव्हेंबर २०२२मध्ये फेटाळली गेली. ज्याच्या नावाने दरवाजा उघडला तो आत जाऊ शकला नाही. पण ज्यांचे नाव कुणाला ठाऊक नव्हते, ज्यांच्या बाजूने कुठे मोर्चा निघाला नव्हता, ते सहा जण त्यातून बाहेर आले. कायद्यातला अधिकार एखाद्या तिरस्करणीय माणसाला नाकारला तर तो नेमका कुणाच्या हातून जातो, हे यावरून कळते.

नजरेसानीनंतरही एक शेवटची पायरी आहे, क्युरेटिव्ह याचिका. २००२मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती घडवली. मुख्य निकालपत्र न्या. सय्यद शाह मोहंमद कादरी यांनी लिहिले. कोर्टाच्या चुकीने कुणाचे नुकसान होऊ नये, या जुन्या तत्त्वाचा आधार त्याला होता.

मग फरक का जपायचा

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी बुलडोझर कारवायांवर निकाल दिला. आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही, पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई वसूल होईल. हे न्यायालयीन पुनर्विलोकन आहे, सरकारच्या कृतीवरची नजर. ज्याचे घर पडणार आहे त्याने कोणत्या दरवाजावर जायचे, हे त्याला ठाऊक हवे. तिथे ‘उघड दिसणारी चूक’ दाखवण्याची अट नाही. अधिकार होता का, प्रक्रिया पाळली का, समान वागणूक दिली का, हे प्रश्न तिथे विचारता येतात.

हा दरवाजाही सदैव उघडा मिळतो असे नाही. तारखा लांबतात. कधी निकाल येईपर्यंत घराच्या जागी मोकळे मैदान उरते. कायदे कोर्टात वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात आणि तोवर लागू होतात. केशव तळपदेंच्या वेळी सत्तेने कायदा बदलून निकाल निष्प्रभ केला, आज नुसत्या विलंबानेही ते साधते. ही तक्रार करायलाच हवी, पण ती योग्य नावाने केली तर तिला वजन येते.

वकिलाकडे जाणाऱ्या सामान्य माणसाने दोन प्रश्न मनाशी स्पष्ट ठेवावेत. मला कोर्टाचा निकाल पुन्हा तपासून हवा आहे की सरकारचा निर्णय? आणि माझ्या हातात वरचे कोर्ट शिल्लक आहे का? पहिल्याचे उत्तर ‘कोर्टाचा निकाल’ असेल आणि वरचे कोर्ट असेल तर अपील किंवा पुनरीक्षण. वरचे कोर्ट उरले नसेल तर नजरेसानी, आणि तिथे अपेक्षा मोजून ठेवावी. उत्तर ‘सरकारचा निर्णय’ असेल तर अनुच्छेद २२६ आणि ३२. यात मुदत फार महत्त्वाची आहे. तीस दिवसांची नजरेसानी एकतिसाव्या दिवशी करायला गेले की आधी उशिराचे कारण सांगत बसावे लागते.

शब्द बदलण्याची ताकद आपल्या हातात नाही. राजपत्रात पुनर्विलोकन हाच शब्द राहील. पण बोलताना आपण कोर्टाच्या दुसऱ्या नजरेला नजरेसानी म्हणू शकतो आणि सत्तेवरच्या नजरेला न्यायालयीन पुनर्विलोकन. पहिलीत आपण न्यायाधीशाला विनंती करतो. दुसरीत आपण आपला हक्क मागतो, आणि हक्क मागताना आवाज खाली ठेवण्याचे कारण नसते.